बाळी की घड? शेंड्यातल्या एका गाठीचं कधी आणि कसं ठरतं

पेरेमोजणी (धागाकर्ता)
द्राक्षाची वाढती फूट हातात घेऊन खालून वर पेरे मोजा. पानाच्या बरोबर समोर, पेऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, एक तर घड असतो नाही तर बाळी, म्हणजे आधाराला वेटोळे घालणारा तंतू. सलग दोन पेऱ्यांवर काहीतरी असतं, तिसरा मोकळा. पुन्हा दोन, पुन्हा एक मोकळा. बुडाचे दोन-चार पेरे सोडले तर हा हिशोब सहसा चुकत नाही. म्हणजे जागा ठरलेली आहे. त्या जागी काय येणार हे मात्र ठरलेलं नसतं. एका पेऱ्याला घड, त्याच्या वर बाळी, आणि मधेच एखादा अर्धवट नमुना: बाळीच्या एका फाट्याला चार मणी लटकलेले.

तर प्रश्न तीन. जागा कोण ठरवतं? बाळी की घड हे कधी ठरतं? आणि छाटणी-फवारणीने आपला हात तिथवर किती पोचतो? "६ बीए (सायटोकायनिन गटातलं संप्रेरक) मारा, घड येतो" हे बांधावरचं उत्तर मला अर्धवट वाटतं.

एकपेशी
शेंडा म्हणजे काय, तिथूनच सुरुवात करू. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

कोवळी पानं एकेक करून सोलत गेलं की शेवटी एक चकचकीत घुमट उरतो. मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग, बस. हा वाढबिंदू, पाठ्यपुस्तकातली प्ररोह विभाजी ऊती. घुमटात थर असतात. वरच्या दोन थरांतल्या पेशी विभागताना नवी भिंत पृष्ठभागाला काटकोनात घालतात, त्यामुळे थर पसरतो पण जाड होत नाही. पहिल्या थरातून बाह्यत्वचा होते. दुसऱ्यातून पानाचा बराचसा गर आणि पुढे पराग-बीजांडातल्या जननपेशी. तिसऱ्यात पेशी कशाही दिशेने विभागतात, त्यातून आतला गाभा. 'वरचं आवरण आणि आतला गाभा' ही मांडणी श्मिट यांनी १९२४ मध्ये केली, ती अजून टिकून आहे.

थर उभे वाचायचे, तसे पट्टे आडवे वाचायचे. घुमटाच्या मधोमध सावकाश विभागणाऱ्या मूळपेशी, कडेने भराभर विभागणारा पट्टा, तिथेच अवयव उगवतात. आणि खाली खोड घडवणारा भाग.

आता गंमत अशी, की पेशी सतत कडेला ढकलल्या जातात तरी मधला साठा संपत नाही आणि फुगतही नाही. टाकीतला बॉलकॉक आठवा. साठ्याच्या खालच्या पेशींत वुशेल नावाचं प्रथिन तयार होतं, ते वर सरकतं आणि वरच्यांना 'मूळपेशीच राहा' म्हणतं. वरच्या पेशी क्लॅव्हाटा-३ हा छोटा पेप्टाइड सोडतात, तो खाली झिरपून वुशेल आवरता ठेवतो. साठा वाढला की पेप्टाइड वाढतो, वुशेल कमी होतं, साठा उतरतो.

अळूचं_फदफदं
आणि बॉलकॉक बिघडला तर गच्चीवर पाणी?

एकपेशी
अगदी. घुमट फुगतो, फुलात पाकळ्या आणि अंडपं (ज्यांचे पुढे फळातले कप्पे होतात) जास्त येतात. रानटी टोमॅटो कापला की दोन कप्पे दिसतात, बीफस्टेक जातीत आठ-दहा. त्यामागे दोन जनुकस्थानं आहेत. एक बदल वुशेलच्या शेजारचा, दुसरा क्लॅव्हाटा-३चा चालक भाग तोडणारा. बर्गरमधली ती रुंद चकती म्हणजे बिघडलेला बॉलकॉक, माणसाने हजारो वर्षं मुद्दाम निवडून जपलेला.

तिरकस_कांदा
आमच्या सोसायटीच्या टाकीतून मग भोपळेच यायला हवेत.

काटकोन
जागा कोण ठरवतं, ते मी घेतो.

उत्तर ऑक्झिन, हे झाडाच्या वाढीचं एक संप्रेरक. पहिल्या थरातल्या पेशींत पिन-१ नावाचं वाहक प्रथिन असतं. ते पेशीच्या ज्या भिंतीकडे बसेल तिकडे ऑक्झिन ढकलतं, आणि बसतं कुठे, तर ज्या शेजारणीत आधीच जास्त ऑक्झिन आहे तिच्या बाजूला. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच आणखी. अशाने घुमटाच्या कडेला एके ठिकाणी ऑक्झिन साचतं, तिथे उंचवटा येतो आणि आजूबाजूचा भाग कोरडा पडतो. त्या कोरड्या पट्ट्यात दुसरा उंचवटा येऊ शकत नाही, तो जातो लांबच्या मोकळ्या जागेत. हॉफमाइस्टर यांनी १८६८ मध्येच नियम सांगितला होता की नवा उंचवटा आधीच्यांपासून सगळ्यात मोठ्या फटीत येतो. कारण कळायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

पुरावा साधा आहे. पिन-१ बिघडलेल्या झाडाचा फुलोरा म्हणजे नुसती गुळगुळीत काडी, विणायच्या सुईसारखी. २००० साली त्या काडीच्या टोकाला, कडेला, लॅनोलिनच्या मलमात कालवलेला ऑक्झिनचा ठिपका लावला आणि नेमक्या त्या जागी फूल उगवलं. टोमॅटोच्या शेंड्यावर ऑक्झिनची वाहतूक रसायनाने थांबवली तर पानं येणं बंद होतं, ठिपका ठेवला की तिथे पान. ठिपका कडेच्या पट्ट्यातच लागू पडतो, घुमटाच्या डोक्यावर ठेवला तर काही होत नाही. म्हणजे इशारा पुरत नाही, ऐकणारी पेशीही योग्य जागी हवी.

उंचवटा येतो तो भिंत सैल पडल्यामुळे, हेही दाखवलं गेलंय. १९९७ मध्ये टोमॅटोच्या शेंड्यावर एक्सपान्सिन या भिंत सैल करणाऱ्या प्रथिनाचा मणी ठेवला, तर त्या जागी पानासारखा उंचवटा आला.

सुवर्णमध्य
म्हणूनच सगळ्या लागोपाठच्या पानांत १३७.५ अंश (सुवर्णकोन), सूर्यफुलात ३४ आणि ५५ सर्पिलं. निसर्गाचं गणित!

काटकोन
'सगळ्या' शब्दाला माझा विरोध. या धाग्याचा नायक द्राक्षच मुळात १८० अंशाचा आहे, पानं दोन रांगांत. मका, ऊस, बागेतला ट्रॅव्हलर्स पाम तसेच. तुळशीला समोरासमोर दोन पानं, पुढची जोडी ९० अंशांनी वळलेली. १३७.५ वेगळा सांगावा लागत नाही. घुमट किती मोठा आणि एका उंचवट्याचा दरारा किती लांबवर, या गुणोत्तरातून जे जमतं ते जमतं. १९९२ मध्ये दुआदी आणि कुदे यांनी तेलाच्या बशीत चुंबकी द्रवाचे थेंब ठरावीक अंतराने सोडले. थेंब एकमेकांना ढकलत कडेला गेले. थेंब सावकाश टाकले तर समोरासमोर १८०, वेग वाढवला तर सुवर्णकोन. बशीत ना पान, ना जनुक.

सुवर्णमध्य
मान्य. आयडी बदलायचा विचार करतोय.

अळूचं_फदफदं
समकोण घ्या, काटकोन गेलाय.

ओलांडा
आता बागेत या.

पानाच्या बगलेतला डोळा म्हणजे बारकी दुमडलेली फूटच. खरड छाटणीनंतर (एप्रिलमधली, जुन्या काड्या काढून नव्या वाढवण्याची छाटणी) नवी काडी वाढत असताना त्या डोळ्यात आतल्या आत पुढच्या फुटीचे पेरे तयार होत असतात. त्यातल्या पानासमोर आधी एक गोलसर गाठ येते. अभ्यासक तिला जर्मन शब्दाने आन्लागं म्हणतात, आपण गाठच म्हणू. गाठ येते तेव्हा ती ना बाळी असते ना घड. मग तिला दोन फाटे फुटतात. फाट्यांना फाटे, त्यांनाही फाटे असं होत गेलं तर घड. दोन-तीनवर थांबलं तर बाळी. धागाकर्त्याने सांगितलेले चार मणी लटकलेले नमुने म्हणजे मधेच अडकलेले निर्णय.

आपल्याकडे ही सूक्ष्म घडनिर्मिती खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, खालच्या डोळ्यांत आधी आणि वरच्यांत नंतर. म्हणजे १० एप्रिलला छाटलं तर २० मे ते ९ जून. ३० एप्रिलला छाटलं तर ९ जून ते २९ जून. दुसऱ्या तारखेत नेमके ढग भरून येतात. गाठीला घड व्हायला उजेड आणि ऊब दोन्ही हवेत, डोळ्यावर ऊन पडायला हवं. छाटणी लांबवून मग बाटल्या घेऊन धावणारे इथेच चुकतात.

त्या काळात करायचं ते असं:

नत्र पहिल्या ३० दिवसांत संपवायचं, ३१ ते ६० दिवस स्फुरदावर भर, पालाश ६१ नंतर काडी पिकायला. पन्नासाव्या दिवशी युरिया सोडला तर फूट पळते आणि डोळे सावलीत जातात.

सबकेन (मुख्य काडीच्या डोळ्यातून वाढवलेली उपकाडी) करायचं असेल तर सात पानांवर शेंडा मारा. सातव्या डोळ्यातून बगलफूट निघेल, तिला पाच पानांवर पुन्हा थांबवा. बाकीच्या बगलफुटी काढा. शेंडा मारला की काही दिवस वाढ थबकते, अन्न डोळ्यांकडे वळतं. शेंडा उशिरा, बारा पानांवर मारलात तर पेरे आधीच लांबलेले असतात आणि खालचे डोळे पोचट.

पाणी कमी, पण वेल सुकेल इतकं नाही. पाचव्या पानाला सीसीसी (वाढ रोखणारं औषध) ५०० पीपीएम, म्हणजे ५० टक्क्यांचं औषध लिटरला १ मिलि. निर्यातीच्या बागेत त्याच्या अवशेषांची मर्यादा आधी पाहा. ६ बीए १० पीपीएम, म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम. हे पाण्यात विरघळत नाही. आधी थोड्या पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, मग पाण्यात. पांढरी कणी तरंगताना दिसली तर फवारणी झाली असं समजू नका.

एकपेशी
ओलांडा यांच्या सीसीसी आणि ६ बीएमागचं शास्त्र या धाग्यातला सगळ्यात सुंदर भाग आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

या गाठीची ओढाताण दोन संप्रेरकांत चालते. जिबरेलिन बाळीकडे ओढतं, सायटोकायनिन घडाकडे. १९७८ मध्ये श्रीनिवासन आणि मुलिन्स यांनी वेलीवरून तोडलेल्या सुट्या बाळ्या काचेच्या नळीत सायटोकायनिनवर वाढवल्या, तर त्यांचे फुलोरे झाले. सीसीसी जिबरेलिन तयार होणं रोखतं. म्हणजे एक औषध घडाचं पारडं जड करतं, दुसरं बाळीचं हलकं. पण आधी मुळात गाठ उगवायलाही जिबरेलिन लागतं. म्हणून सीसीसी फार लवकर किंवा फार जास्त दिलं तर वेल बुटका दिसतो आणि घड वाढत नाहीत.

दुसरा पुरावा शॅम्पेनच्या बागांतून. पिनो मूनिए ही तिथली जात, कोवळी पानं पिठाने माखल्यासारखी पांढरी, म्हणून नाव 'गिरणीवाला'. या वेलीचा फक्त पहिला थर बदललेला आहे, आतले थर साध्या पिनो न्वारसारखे. पहिल्या थरापासूनच सगळं झाड वाढवलं तर काय, हे बॉस आणि थॉमस यांनी २००२ मध्ये दाखवलं: बुटका वेल, आणि बाळीच्या जागी खालपासून वरपर्यंत घड. बिघाड होता जिबरेलिनचा निरोप ऐकणाऱ्या जनुकात. पेशीला 'बाळी हो' ऐकूच येत नाही, तर ती घड होते.

तिरकस_कांदा
मग तोच वेल लावा, फवारणी बंद!

ओलांडा
बुटका आहे, मांडवापर्यंत पोचणार नाही. अन्न पुरवायला पानंच नाहीत आणि घड ढीगभर. मण्यांची मोहरी होईल.

पेरेमोजणी
एकपेशी, थरांचं हे प्रकरण आपल्या जातींनाही लागू का? सोनाका, तास-ए-गणेश या थॉम्पसनमधूनच निवडलेल्या ना?

एकपेशी
हो, दोन्ही थॉम्पसनच्या वेलीवर आढळलेल्या वेगळ्या फुटींतून आल्या. सर्वसाधारण वाट अशी असते: शेंड्यातल्या एका पेशीत बदल होतो, तिची पिल्लावळ घुमटाचा एखादा काप व्यापते, आणि बगलेतला डोळा नेमका त्या कापावर बसला तर त्या डोळ्यातून निघालेली फूट थरभर बदललेली असते. काप अरुंद असेल तर पुढची पानं पुन्हा मूळ रूपाची निघतात आणि बदल हरवतो. म्हणून वेगळी फूट दिसली की तिच्या मधल्या डोळ्यांवरून लगेच कलम करा. बदल फक्त पहिल्या थरात असेल तर बियांतून तो उतरत नाही, कारण जननपेशी दुसऱ्या थरातून येतात.

माडाचो_शेंडो
द्राक्षवाल्यांक डोळे तरी आसत. माडाक एकच शेंडो! तो गेलो की माड गेलो. गेंड्या भुंगा न उघडलेल्या सुईत शिरून पोखरता, ती झावळी दीड-दोन महिन्यांन उघडली की त्रिकोणी कातर दिसता, जशी घडी घातलेल्या कागदाक कात्री लावली. कातर दिसता तेव्हा भुंगो कधीच पुढे गेलेलो. वाढबिंदूपर्यंत पोचलो तर मधली सुई हातान ओढली की सुटान येता, बुडाक कुजको वास. मग आशा नाय.

काटकोन
मक्याचं उलट आहे. साधारण सहा पानं उघडेपर्यंत वाढबिंदू जमिनीच्या पातळीखाली असतो. तोवर गारपिटीने वरची पानं फाटली तरी पीक सावरतं. बुंधा उभा चिरून बघा, पांढरा टणक शंकू दिसला तर राहू द्या, तपकिरी लिबलिबीत असेल तर मोडा. लष्करी अळी पोंग्यात दिसली की ती किती खोल गेली ते याच मापाने बघायचं.

अळूचं_फदफदं
फ्लॉवरला विसरलात. तो खातो तो भाग नेमका काय असतो?

काटकोन
फुलं होऊ पाहणारे, पण न होणारे वाढबिंदू. प्रत्येक बिंदू फूल व्हायला निघतो, ओळख पक्की होत नाही, पुन्हा फांदी होतो, तिच्या कडेचे बिंदू पुन्हा तेच. तुमच्या ताटात आलू-फ्लॉवर नसतो, अडकलेल्या निर्णयांचा गड्डा असतो.

तिरकस_कांदा
संसदीय समिती म्हणा की.

लॅमिनार
ऊतिसंवर्धनाबद्दल थोडं, कारण 'शेंडा काढला की रोगमुक्त रोप' हा गैरसमज पक्का आहे.

केळीत तलवारी मुनव्याचा (बुंध्याशी फुटणाऱ्या, अरुंद पानांच्या पिल्लाचा) शेंडा घेतात. ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइडमध्ये ५ ते १० मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा. माध्यम मुराशिगे-स्कूग (१९६२ चं), लिटरला ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम अगार, पीएच ५.८, बीएपी (म्हणजे वरचं ६ बीएच) ३ ते ५ मि.ग्रॅ. १२१ अंशाला १५-२० मिनिटं ऑटोक्लेव्ह. काप काळा पडतो तो फेनॉलमुळे, लिटरला १०० मि.ग्रॅ. अॅस्कॉर्बिक आम्ल घाला आणि पहिल्या आठवड्यात एकदा ताज्या माध्यमात हलवा. दर ३-४ आठवड्यांनी विभागणी, आठ वेळांपेक्षा जास्त नको. त्यापुढे बुटकी, अरुंद पानांची रोपं वाढतात.

आता विषाणू. वर सांगितलेला शेंडा अर्धा-एक सेंटिमीटरचा असतो, त्यात विषाणू आरामात येतात. विषाणू टाळायचे तर नुसता घुमट आणि एक-दोन कोवळ्या पानांचे उंचवटे, ०.२ ते ०.५ मिलिमीटर. १९५२ मध्ये मोरेल आणि मार्तें यांनी डेलियात हे करून दाखवलं. घुमटात वाहिन्या पोचलेल्या नसतात हे एक कारण. दुसरं २०२० मध्ये कळलं: तेच वुशेल काकडीच्या मोझॅक विषाणूला मूळपेशींत वाढू देत नाही. काप जितका लहान तितका स्वच्छ, आणि तितकाच मरण्याची शक्यता जास्त. म्हणून मातृरोपाची पर्णगुच्छ या विषाणूरोगासाठी तपासणी आधी, काप नंतर.

आणि धाग्याच्या विषयाशी थेट: १९९० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पराशरमी आणि मस्कारेन्हस यांनी बांबूची रोपं काचेत फुलवली. दशकांतून एकदा फुलणारा बांबू काही महिन्यांत, सायटोकायनिन आणि नारळाच्या पाण्यावर. शेंड्याची ओळख बदलता येते याचं यापेक्षा ठसठशीत उदाहरण नाही.

मुळावर_घाव
सगळे वरच्याच टोकाकडे बघताय. पान शेंड्याच्या पृष्ठभागावर उगवतं, पण बाजूचं मूळ आतून, परिरंभातून (वाहिन्यांभोवतीच्या थरातून) निघतं आणि बाहेरचे थर फोडत येतं. म्हणून रोप लावताना मुळांचं टोक छाटलं तरी मागून मुळ्या फुटतात.

पेरेमोजणी
मूळ प्रश्नाकडे येतो. ओलांडा, घड डोळ्यात तयार झाला होता, फळछाटणीनंतर (घड घेण्यासाठीची नंतरची छाटणी) फुटीत मात्र बाळी निघाली. मग तो निर्णय ६० दिवसांत पक्का झाला, हे खरं कसं?

ओलांडा
पक्का झालेला नसतो, तीच गोम आहे. डोळ्यात घड असतो तो काही फाट्यांचा गोळा. पुढचे फाटे आणि फुलं फळछाटणीनंतर डोळा फुगताना होतात. पोंगा अवस्थेत (डोळा फुगून कोंब बाहेर पडू लागतो तेव्हा), छाटणीनंतर १० ते १६ दिवसांत, ढगाळ हवा, जास्त पाणी आणि काडीत अन्नसाठा कमी असं जमलं की फूट जोरात पळते आणि गोळ्याचं उलटं होतं. कुठे गोळी घड (वाढ खुंटून गोळा झालेला), कुठे पूर्ण बाळी. यालाच आपण घड जिरणे म्हणतो. तेव्हा पाणी तोडा, वांझ फुटी लवकर काढा, आणि १० पीपीएम ६ बीए याच वेळी खरं कामाला येतं. हायड्रोजन सायनामाइडचा दोष काढू नका. ते डोळा फोडतं, घड घडवत नाही आणि जिरवतही नाही.

पण आधी डोळ्यात काही होतं का, ते बघा. फळछाटणीआधी आठ-दहा दिवस जाड, मध्यम, बारीक काड्या वेगवेगळ्या जुड्यांत. डोळा २० ते ४० पट मोठा दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, पात्याने वरून आडव्या पातळ चकत्या. आधी तपकिरी खवले, मग कापसासारखी लव, मग हिरवा भाग. घड दिसतो तुतीच्या फळासारखा खडबडीत, बाळी गुळगुळीत शिंगासारखी. मधला भाग काळा पडला असेल तर मुख्य कोंब मेलाय, बाजूचा दुय्यम फुटेल आणि त्याला घड नसतो किंवा किरकोळ असतो. जास्त जोमाच्या, सावलीतल्या काड्यांत हे जास्त. ज्या डोळ्यात घड सापडला त्याच्या वर एक डोळा ठेवून छाटा, सबकेन असेल तर गाठीच्या वर एक-दोन डोळे.

पेरेमोजणी
म्हणजे एका घडाचे दोन निर्णय, मधे चार-पाच महिने. माझ्या दुसऱ्या प्रश्नात 'कधी' एकवचनी होता, तो चुकला.

अळूचं_फदफदं
काड्या पाठवायच्या कशा? प्लास्टिकच्या पिशवीत?

ओलांडा
ओल्या फडक्यात, आणि बुडखा कुठला ते खूण करून. उलटी काडी आली की तपासणारा तिसरा डोळा वरून मोजतो आणि तुम्ही खालून.